डावी बाजू

१

संसारात जागा ठरून जातात. कोण भिंतीकडे झोपणार, कोण खिडकीशी बसणार, यावर कुणी बैठक घेत नाही, पण एकदा ठरल्या की त्या मोडत नाहीत. आमच्यात माझी जागा उजवीकडे. रस्त्याने चालताना, बसमध्ये, जेवताना, झोपताना, मी नवऱ्याच्या उजव्या हाताला. याचं कारण त्याचा डावा कान, जो गेला.

नवरा पाणीपुरवठा खात्यात. रस्त्याखालचा नळ कुठे फुटलाय ते हुडकून काढणं हे त्याचं काम. लांब लोखंडी सळईचं एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खालचं पाणी ऐकायचं. वर गाड्यांचा गोंगाट असो की कुणाची भांडणं, हा ओणवा होऊन ऐकत राहायचा आणि मग बोट ठेवून सांगायचा, इथे खणा. गळती तिथेच निघायची. खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. हे सगळं ऐकणं डाव्या कानाचं. एका सकाळी उठला तर डावीकडे काहीच नाही. कानाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सुया दिल्या आणि शेवटी खांदे उडवले. आता तो तक्रारींच्या टेबलावर बसतो.

आणि माझी नोकरी काय, तर लोकांचे कान तपासणं! हॉस्पिटलात एक बंद केबिन आहे, भिंतींना आतून गाद्या लावलेल्या. पेशंटला आत बसवायचं, कानांना हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं. आवाज आला की बटण दाबायचं, इतकंच. नवऱ्याची तपासणी मीच केली. काचेपलीकडून मी आवाज वाढवत नेला, आणि तो बटणावर अंगठा ठेवून माझ्याकडे बघत राहिला. अंगठा हलला नाही. मशीन बंद करून मी आधी तोंड धुऊन आले, मगच त्याला बाहेर बोलावलं.

पण मी जात्याच हट्टी. रोज चहा झाला की मी तेवढ्यापुरती त्याच्या डावीकडे बसते, तळहाताने त्याचा उजवा कान झाकते आणि डाव्या कानात एक शब्द सांगते. तो काहीतरी ठोकून देतो. मी ‘बादली’ म्हटलं तर तो ‘राजीनामा’ म्हणतो. आधी दोघंही हसायचो. मग मी एकटीच हसायला लागले. पुढे पुढे तो ओठही उघडेनासा झाला, आणि घरात सगळ्यात जास्त कोण बोलत असेल तर तो टीव्ही. मला भीती वाटायची ती कानाची नव्हती. हा माणूस माझ्याशी बोलणंच सोडून देईल, याची होती.

म्हणून ही सहल. डोंगरातलं तळ्याकाठचं गाव, गर्दी नाही, गोंगाट नाही. त्याच्या एका कानाला झेपेल एवढीच शांतता हवी होती मला.

२

बस वळणं घेत वर चढली आणि ढगात शिरली. त्यानंतर आम्हाला ऊन म्हणून दिसलं नाही.

आमची खोली तळ्यासमोरच्या एका जुन्या लॉजमध्ये, वरच्या मजल्यावर. चालवणारी बाई साठीची, अंगाने भक्कम, तोंडाने त्याहून. आल्या आल्या मी तिला मावशी म्हटलं आणि तिने लगेच गाऱ्हाणं मांडलं.

“मिठाचं पाणी होतं, काडी पेटत नाही, उशा वाळत नाहीत. आणि लोक म्हणतात, किती छान हवा! राहा म्हणावं इथे बारा महिने.”

“तळं कुठून दिसतं, मावशी?”

“हे काय, समोरच की. ढग उठला की दिसेल.”

खिडकीबाहेर पांढरं. त्या पांढऱ्यात खाली कुठेतरी पाणी लाकडावर आपटत होतं, सावकाश, कंटाळल्यासारखं. खोलीत बुरसटलेला गालिचा, एक कपाट, एक रेडिओ आणि भिंतीला चिकटवून ठेवलेला पलंग. पलंग जमिनीत स्क्रूने आवळलेला, हलवायची सोय नाही. उजवीकडे झोपायचं म्हणजे मला भिंतीला नाक लावून झोपणं भाग होतं. नवऱ्याच्या डावीकडे सगळी खोली मोकळी.

सकाळी खालच्या दालनात मावशीने पाव, लोणी आणि चहा आणून ठेवला. मी वर्तमानपत्रात डोकं घातलेलं. नवरा एकदम म्हणाला, “नको, पुरे.”

“काय नको?”

“साखर. दोन चमचे झालेत.”

साखरेचं भांडं माझ्यापासून हातभर लांब होतं आणि मी तोंड उघडलं नव्हतं. पण मला खरं खटकलं ते दुसरंच. ‘नको’ म्हणताना त्याने मान वळवली ती डावीकडे. जिकडून त्याला गेली दोन वर्षं काही ऐकू येत नाही, तिकडे.

मी ते मनावर घेतलं नाही. नवी जागा, नीट झोप नाही, माणूस चुकतो.

३

दिवसभर तळ्याकाठच्या रस्त्याने फिरलो. पुढचं माणूस अंगावर आल्याशिवाय दिसत नव्हतं. बंद दुकानं, ओल्या भिंती, उलट्या घातलेल्या होड्या. मी उजवीकडून बोलत होते: पाय दुखतायत, परत फिरू या का, ते बघ बदक. तो हूं हूं करत होता. मधेच तो हसला. मनापासून, खांदे हलवून. मी कितीतरी दिवसांत ते हसू पाहिलं नव्हतं.

“काय झालं?”

“अगं, तूच तर म्हणालीस, हे बदक आपल्या साहेबांसारखं चालतं.”

चालत होतं खरं. अगदी साहेबांसारखंच. पण मी तसं म्हटलं नव्हतं. म्हणाले असते, एवढंच.

खोलीवर येऊन चहा झाला. मी सवयीने त्याच्या डावीकडे जाऊन बसले. उजव्या कानावर हात ठेवला आणि सांगितलं, “चमचा.”

“चमचा,” तो म्हणाला.

मी तळहात आणखी घट्ट दाबला. “पायरी.”

“पायरी.”

मी रडायला लागले. लाज वाटली, तरी रडत राहिले. त्याच्या कानाच्या पाळीवर ओठ टेकवले आणि पुढचा शब्द कुठला द्यावा, अवघड की सोपा, याचा विचार करत गप्प राहिले.

“ओली,” तो म्हणाला.

“मी काही म्हटलं नाही अजून.”

“म्हटलंस की. पायरी ओली आहे, जपून ये.” तो हसत माझ्याकडे वळला. “मास्तरीणबाई, पास झालो ना?”

मी मान हलवली. झालास म्हटलं.

४

आता मी काही अडाणी नाही. चांगला कान लबाड असतो हे मला माहीत आहे. एका बाजूचा आवाज कवटीतून आरपार जातो आणि उजवा कान ऐकून घेतो. माणसाला वाटतं, डावा जागा झाला. नुसत्या तळहाताने तो फसत नाही. म्हणून आम्ही तपासताना चांगल्या कानात खरखर सोडतो, त्याला गुंतवून ठेवतो. आणि शब्द नसताना ऐकू येणं, त्यालाही नाव आहे. गेलेल्या कानाला मेंदू स्वतःच काहीबाही पुरवत राहतो. माझ्या एका पेशंटबाईंना दिवसभर शाळेची घंटा ऐकू यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीतला रेडिओ लावला. ढगामुळे एकही स्टेशन लागत नव्हतं, नुसती खरखर. मला तीच हवी होती. ती मोठी करून मी रेडिओ त्याच्या उजव्या कानाशी धरला. त्याला डोळे मिटायला सांगितले आणि त्याच्या मागे उभी राहिले. ओठ मिटलेले, वर दुसरा हात दाबलेला. एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवून.

“हो,” तो म्हणाला. थोडं थांबून, “हो, आठवतं ना.” मग खूप हळू आवाजात, “नाही, फार वेळ नाही लावणार.”

घंटा ऐकणाऱ्या बाईंना घंटेने कधी प्रश्न विचारला नव्हता.

मी रेडिओ बंद केला. बाहेर पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं, टप टप. काही सुचेना म्हणून मी वाकून त्याच्या डाव्या खांद्याशी डोकं नेलं, त्याला काय ऐकू येतंय ते मलाही येतंय का बघायला. तर टपटप थांबली. डोकं मागे घेतलं, पुन्हा टपटप. पुढे नेलं, बंद. आमच्या केबिनचं दार लावलं की आत जशी जड शांतता होते, तशी. मी कामाच्या अनुभवाने सांगते, आवाज असा एकाच कारणाने अडतो. मधे काहीतरी जाड आणि मऊ असावं लागतं.

त्याच्या खांद्यापासून खिडकीपर्यंत मोकळी हवा होती. मी हात फिरवून पाहिला. काही लागलं नाही, पण बोटं गार पडली.

५

“उद्या निघू या आपण,” सकाळी उठल्या उठल्या मी म्हटलं.

तो दाढी करत होता. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, “का गं? आत्ता तर म्हणालीस, अजून राहू.”

“मी नाही म्हणाले. ऐक, तुला जे ऐकू येतंय ते मी बोलत नाहीये.”

“तुझाच आवाज आहे.”

“असू दे. मी नाही ती.”

त्याने वस्तरा खाली ठेवला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला वाईट वाटलं. “हे बघ, त्या कानात दोन वर्षं नुसता अंधार होता. आता त्यात तू आहेस. आणि कशी बोलतेस! लग्नानंतर बोलायचीस ना, तशी. कानाला औषध सांगत नाहीस, माझी परीक्षा घेत नाहीस. तू हे माझ्यापासून काढून का घेतेस?”

त्याचा चेहरा खरंच निवळला होता. तो पूर्वीसारखा जेवत होता, गुणगुणत होता. हेच तर मला हवं होतं, आणि ते मला मिळत नव्हतं, कुणा दुसरीला मिळत होतं. मला स्वतःच्याच आवाजाचा हेवा वाटला. सवतीचा वाटावा तसा, जळजळीत.

“काय बोलते ती?”

“पुन्हा ‘ती’ म्हणतेस.” तो लाजला, या वयात. “तुला माहीत आहे. मला कशाला बोलायला लावतेस?”

कुणीतरी माझ्या नवऱ्याचे कान भरत होतं, आणि माझ्याच तोंडाने. मी खाली जाऊन मावशींना उद्याच्या पहिल्या बसची वेळ विचारली आणि बॅग भरायला घेतली.

६

बॅग भरून झाल्यावर मी जरा पडले. डोळा लागला. जाग आली तेव्हा खोलीत मी एकटी होते. त्याचे बूट नव्हते. छत्री होती.

“मावशी, हे कुठे गेले?”

“धक्क्याकडे गेले वाटतं. मी म्हटलं, पायऱ्या ओल्या असतात, जपून जा. तर म्हणाले, हो, मघाशी सांगितलंय मला.”

मी तशीच निघाले. दुपार होती, पण दिवे लावावेत इतका उजेड कमी झाला होता. पाण्याचा आवाज सगळीकडून येत होता. पायऱ्या खरंच ओल्या होत्या, शेवाळलेल्या. त्या थेट तळ्यात उतरत होत्या आणि कुठली पायरी शेवटची ते ढगात कळत नव्हतं. काठाला एक लाकडी बाक, आणि बाकावर माझा नवरा बरोबर मधोमध. मान डावीकडे कललेली. सळई लावून ऐकायचा तेव्हा त्याचा चेहरा असाच व्हायचा, सगळं जग बाजूला ठेवलेला.

मी उजवीकडून गेले, सवयीने. “चल,” म्हटलं.

त्याने माझ्याकडे न बघता हात वर केला. “थांबा जरा. बोलू द्या तिला.”

मला त्याने आयुष्यात कधी ‘थांबा’ म्हटलं नव्हतं.

तेव्हा मी बाक पाहिला. वरून बारीक पाणी पडत होतं, बाकाची फळी भिजून काळी झाली होती, नवऱ्याचे केस निथळत होते. माझ्या बाजूला, म्हणजे त्याच्या उजवीकडे, फळीवर पाणी साचलं होतं. आणि डावीकडे एक जागा कोरडी होती. एका माणसापुरती. तिच्या कडेने पाणी वळसा घेऊन जात होतं.

मी घाबरले, हे लपवत नाही. पण भीतीवर रागाने मात केली. दोन वर्षं मी या माणसाच्या मेलेल्या बाजूशी रोज शब्द घेऊन बसले. त्या बाजूवर कुणाचा हक्क असेल तर तो माझा. मी बाकाला वळसा घालून गेले आणि त्या कोरड्या जागेवर जाऊन बसले. दणकन. सरक बाजूला, असं तोंडातल्या तोंडात म्हणत.

फळी कोमट होती.

कुणी ओरडलं नाही, काही झालं नाही. नवरा दचकला. मान सरळ झाली, झोपेतून उठल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला. मला इतका आनंद झाला की मी त्याचा दंड धरून हसले. “चल रे घरी. झालं गेलं विसरून जा. आपण घरी जाऊ.”

तो ऐकत होता, पण मला नाही. हळूहळू त्याचा चेहरा उजळला आणि तो वळला. उजवीकडे. माझ्या बाजूला, माझ्या रिकाम्या बाजूला.

“अगं, इकडे आलीस होय?” तो म्हणाला.

त्याच्या खांद्यापलीकडे मला फळी दिसत होती. तिच्यावर साचलेलं पाणी कडेला सरकलं आणि थेंब थेंब खाली गळायला लागलं. खाली बसताना कुणी पदर सावरून घ्यावा तसं काहीतरी करडं, ओलं, क्षणभर हललं. मी बघितलं तो ढगच होता की आणखी काही, ते मी शपथेवर सांगू शकत नाही.

७

मी त्याला पायऱ्यांवरून वर ओढत आणलं. तो आला, मुकाट्याने. चढताना त्याचा उजवा हात अंगापासून थोडा दूर होता, बोटं मिटलेली, कुणाला आधार दिल्यासारखी. पूर्ण रस्ता मी त्याच्या डावीकडून बोलत राहिले, घसा फुटेपर्यंत. मधेच मी पुढून जाऊन उजवीकडे यायला बघितलं. जागा नव्हती. भिंत नव्हती, खड्डा नव्हता, माणूस दिसत नव्हतं. फक्त जागा नव्हती.

खोलीत आल्यावर मी दिवा लावला. त्याला खुर्चीत बसवलं, त्याच्या समोर उभी राहिले, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दिसत तर आहे मी त्याला, असं वाटून धीर आला. ऐकू कमी येणाऱ्या पेशंटशी बोलते तशी, एकेक शब्द सुटा करून बोलले. “आपण. पहाटे. घरी. निघतोय.”

तो माझ्या ओठांकडे बघत होता. किती प्रेमाने बघत होता! मग त्याने मान डोलावली.

“बरं बाई,” तो म्हणाला. “तू म्हणतेस तर राहू या.”

दारात मावशी उभ्या होत्या, चहाचे कप घेऊन. “पहाटेच्या बसचं काय करू, ताई? सांगून ठेवू ना?”

“हो मावशी, सांगा. निघतोय आम्ही,” मी म्हटलं.

त्याच वेळी नवरा हसून म्हणाला, “बघा मावशी! मघापर्यंत घरी घरी करत होती. आता हिलाच इथून हलायचं नाही.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. कप टेबलावर ठेवून त्या गेल्या, आणि जाताना जिन्यातला दिवा लावून गेल्या.

चहा झाला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्याच्या डावीकडे बसले, रोजच्यासारखी, आणि त्याचा उजवा कान झाकायला हात पुढे नेला. तळहात कानापर्यंत पोचलाच नाही. मधे काहीतरी होतं, गार, ओलसर, माझ्या तळव्यात नेमकं बसेल असं. गालावर हात ठेवला की लागतं तसं. ते मागे हटलं नाही. माझ्या हातावर जरासं रेललं.

मी हात काढला नाही. काढला असता तर त्याच्या आणि तिच्यामध्ये काहीच उरलं नसतं. त्याच्या मेलेल्या कानाशी तोंड नेलं आणि एकच शब्द सांगितला. “मी.”

“मी,” पुन्हा म्हटलं. “मी आहे रे. मी.”

त्याने थोडा वेळ प्रामाणिकपणे ऐकलं. मग उजवीकडे वळून, हसून म्हणाला, “काही नाही गं येत ऐकू. किती दिवस करत बसणार आहेस हे? जाऊ दे, सोड तो नाद आता.”